विषय मुलांनी निवडायचा, आम्ही कापायचा: नववीच्या प्रकल्पांचा अनुभव

कोल्हापुरात नववीच्या वर्गाला ‘हवा तो विषय घ्या’ असं सांगितलं की पहिल्या शनिवारी हातात पडणारी यादी जवळपास ठरलेली असते. पंचगंगेचं प्रदूषण, रंकाळा तलावाचं प्रदूषण, राजर्षी शाहू महाराजांचं कार्य, कोल्हापुरी चप्पल, गुऱ्हाळ, महापूर, आणि दोघा-तिघांचा रोबोट. यादीत वावगं काही नाही. पण ती तशीच मंजूर केली तर जानेवारीत काय हाती येतं, हे शिक्षकांना तोंडपाठ आहे: स्टेशनरीच्या दुकानातली तयार चित्रं, नेटवरची चार पानं, आईच्या अक्षरातलं मुखपृष्ठ, थर्माकोलचा पूल आणि शेवटी ‘आपण सर्वांनी नदी स्वच्छ ठेवली पाहिजे’ असा निष्कर्ष. तो निष्कर्ष लिहायला नदीवर जायचीसुद्धा गरज नसते.

निवड खरोखर मुलांवर सोडायची असेल तर शिक्षकाचं काम विषय पुरवायचं राहत नाही, आलेला विषय कापत बसायचं होतं. सायकलवरून जाऊन, स्वतःच्या हाताने, दहा-बारा वेळा मोजता येईल इतका लहान प्रश्न उरेपर्यंत कापायचा. आम्ही यावर तीन-चार शनिवार खर्च करतो आणि त्याबद्दल स्टाफरूममध्ये टोमणेही ऐकतो.

आधी वेळापत्रक, कारण बरेच प्रकल्प तिथेच बुडतात. जून-जुलैत सुरुवात करू नये. पाऊस असतो, नदी चढली की शाळांना सुट्ट्या लागतात, वह्या भिजतात. ऑगस्टच्या अखेरीस विषय घ्यायचा, गणपती आणि सहामाही परीक्षा यांच्या मधल्या दिवसांत प्रश्न पक्का करायचा, दिवाळीच्या सुट्टीत चाचणीपुरती मोजमापं घ्यायची. खरं काम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. शनिवारची सकाळची शाळा असते, तिचे शेवटचे दोन तास जोडून सत्तर मिनिटं मिळतात आणि ती पुरतात. पावसावरचे प्रकल्प एवढाच अपवाद. ते जूनमध्येच लावावे लागतात, म्हणजे त्यांची निवड आठवीच्या शेवटी करून ठेवायची. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात, त्यामुळे तो विषय या वेळापत्रकात आपोआप बसतो.

प्रश्न कापायला आम्ही पोस्टकार्डाएवढा कागद देतो. त्यावर चारच ओळी: काय मोजणार? कशाने? किती वेळा? आणि आकडा चुकला तर ते कसं कळणार? पहिल्या तीन ओळी मुलं रेटून भरतात. चौथीपाशी थांबतात आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

रंकाळ्याचं उदाहरण घेऊ. ‘काय मोजणार?’ ‘पाणी, सर.’ ‘पाण्याचं काय?’ ‘घाण.’ ‘घाण कशात मोजतात?’ इथे गप्प. मग दोन पर्याय समोर ठेवायचे. रसायनांच्या चाचण्यांचे किट महाग असतात आणि रंग जुळवून वाचताना दोन मुलं दोन आकडे सांगतात. गढूळपणा मात्र घरी केलेल्या नळीनेही मोजता येतो. मग प्रश्न उरतो तो असा: रंकाळा टॉवरजवळच्या आणि शालिनी पॅलेसच्या बाजूच्या पाण्याच्या गढूळपणात फरक आहे का? सकाळ-संध्याकाळचा फरकही बघायचा असं मुलांच्या मनात असतं. तो काढून टाकायचा. एका प्रकल्पात एकच गोष्ट बदलती ठेवायची, बाकी सगळं, म्हणजे वेळ, काठापासूनचं अंतर, बादली, वाचणारा डोळा, शक्य तितकं सारखं.

नळीसाठी ६० सेंमी लांबीची, आतून साधारण ४ सेंमी व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्यायची. खालच्या तोंडाला पीव्हीसीचं टोपण, त्याच्या आत पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती. चकतीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगवायचे. बाहेरून तळापासून वर सेंटिमीटरच्या खुणा. नमुना ढवळून हळूहळू ओतायचा, वरून सरळ खाली बघायचं, आणि काळा-पांढरा भेद दिसेनासा झाला की उंची लिहायची. वाचन सावलीत, सूर्याकडे पाठ करून. गळतं ते टोपणापाशी. टोपण चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर चोवीस तास पाणी घालू नये, एवढं पाळलं की गळत नाही. ओतून गप्पा मारत उभं राहिलं तर गाळ चकतीवर बसतो आणि पाणी आहे त्यापेक्षा गढूळ ठरतं. पाणी नितळ असेल आणि पूर्ण नळी भरूनही चकती दिसत राहिली तर ‘६०’ लिहायचं नाही, ‘६० पेक्षा जास्त’ लिहायचं. नाहीतर पुढे सरासरीत तो आकडा खोटा बोलतो. शिवाय इथे कमी आकडा म्हणजे जास्त गढूळ. आलेख काढताना निम्मी मुलं हेच उलटं वाचतात आणि सर्वांत घाण जागा सर्वांत स्वच्छ जाहीर करतात.

पाण्याशी संबंधित कुठल्याही कामात मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. दोरी बांधलेली बादली काठावरून टाकायची, दोघांनी मिळून जायचं, एक मोठं माणूस बरोबर. यात सवलत नाही.

वही हा सगळ्या कामाचा कणा आहे. दोनशे पानी लाँगबुक, पहिल्याच दिवशी प्रत्येक पानावर क्रमांक, लिहायचं पेनाने. खोडरबर आणि व्हाइटनर बंद. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. डाव्या पानावर जागेवर घेतलेली मोजमापं, उजव्या पानावर त्यांबद्दल जे वाटलं ते. घरी येऊन ‘चांगल्या अक्षरात’ उतरवून काढायची परवानगी नाही, आणि याच नियमावर पालकांची सर्वांत जास्त तक्रार असते. दर शनिवारी शेवटच्या ओळीखाली शिक्षकाची सही आणि तारीख.

बनवलेले आकडे ओळखायला फार हुशारी लागत नाही. तीन आठवड्यांची वाचनं एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात, न थांबता लिहिलेली दिसतात. शेवटचा अंक सगळीकडे ० किंवा ५ असतो. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा तंतोतंत तेच आलं असं लिहिलेलं असतं. खऱ्या वहीत एखादं पान चिखलाने माखलेलं असतं, ‘आज बादलीची दोरी तुटली’ अशी नोंद असते, आणि आकडे थोडे इकडेतिकडे पळतात. अशा वेळी रागवण्यापेक्षा ‘चल, आत्ता एक वाचन माझ्यासमोर घे’ म्हणणं जास्त कामाला येतं.

महापुराच्या विषयावर जरा रेंगाळतो, कारण कोल्हापूरसाठी याहून सोयीचा प्रकल्प नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांच्या खुणा नदीकडच्या पेठांत, दुधाळीत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत भिंतींवर, जिन्यांत, शटरच्या चौकटींवर अजून सापडतात. ‘महापुराची कारणे व उपाय’ हा विषय नववीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा. ‘आमच्या गल्लीत पाणी कुठल्या पातळीला आलं होतं आणि कुठलं घर गल्लीच्या मानाने किती खाली आहे?’ हा प्रश्न मात्र दोन मुलं गवंड्याच्या लेव्हल पाइपने, म्हणजे दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला राहतं अशा पाणी भरलेल्या नळीने, सोडवू शकतात.

पाइप पारदर्शक, ८ ते १० मिमी जाडीचा, १५ मीटर लांब. बादलीत एक टोक बुडवून, दुसरं खाली धरून ओढीने पाणी भरायचं. नळाला जोडून भरलं की बुडबुडे अडकतात. चिमूटभर रंग टाकला की पाण्याची कड स्पष्ट दिसते. चालताना दोन्ही तोंडांवर अंगठे दाबून ठेवायचे आणि वाचताना दोन्ही मोकळी करायची. एक अंगठा तसाच राहिला की पाणी खोट्या जागी थांबतं, आणि मुलं त्या आकड्यावर पुढची दहा घरं बांधत जातात. थोडं पाणी सांडलं तर बिघडत नाही. बुडबुडा मात्र बिघडवतो. म्हणून प्रत्येक दिवशी सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. आलं नाही तर पाइपवर टिचक्या मारत बुडबुडा बाहेर काढायचा.

मूळ बिंदू म्हणून न हलणारी जागा निवडायची, उदाहरणार्थ देवळाची खालची दगडी पायरी. एका मुलाने तिथे पट्टी उभी धरून पाण्याची उंची वाचायची, दुसऱ्याने घराच्या उंबऱ्यापाशी. पायरीवरच्या उंचीतून उंबऱ्यावरची उंची वजा केली की उंबरा पायरीपेक्षा किती वर किंवा खाली ते मिळतं, आणि त्यात उंबऱ्यापासून पूरखुणेपर्यंतची उंची मिळवली की खुणेची पायरीपासूनची पातळी मिळते. समजा पायरीवर ११२ सेंमी, उंबऱ्यावर ९४ सेंमी आणि खूण उंबऱ्यापासून १६५ सेंमी. तर उंबरा पायरीपेक्षा १८ सेंमी वर आणि खूण पायरीपेक्षा १८३ सेंमी वर.

आता कागदावरची चौथी ओळ, आकडा चुकला तर कसं कळणार? एका गल्लीत साचलेलं पुराचं पाणी जवळजवळ सपाट असतं. म्हणजे एकाच पुराच्या सगळ्या खुणांची पातळी चार-पाच सेंटिमीटरच्या आत जुळायला हवी. जुळली तर मोजणी बरी झाली आहे. एखादं घर वीस सेंटिमीटरने सुटून गेलं तर कारण शोधायचं, आणि कारणं ठरलेली असतात. पाइपमध्ये बुडबुडा होता. किंवा खूण दुसऱ्या वर्षाची निघाली. किंवा घर रंगवल्यावर मालकांनी अंदाजाने नवी रेघ मारली. आणि नेहमी फसवणारं चौथं कारण म्हणजे ओल. विटांची भिंत पाणी वर शोषून घेते, त्यामुळे ओलीचा डाग प्रत्यक्ष पाण्यापेक्षा बराच वर जातो. मोजायची ती गाळाची बारीक रेघ. ती जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, कपाटाच्या पाठीवर टिकून राहते.

गल्ली पंधरा मीटरपेक्षा लांब असली की टप्पे घ्यावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक साचते. म्हणून शेवटच्या घरानंतर दुसऱ्या बाजूने मोजत पुन्हा पायरीपाशी यायचं. हिशेब शून्याच्या दोन सेंटिमीटरच्या आत आला तर ठीक, नाहीतर फेरी परत. हे सांगितलं की मुलं कुरकुरतात, पण एकदा फेरी बंद झाली की त्यांना स्वतःच्या आकड्यांचा जो भरवसा येतो तो आमच्या सहीने येत नाही.

दोन सूचना. मुलांच्या हातात शाळेच्या शिक्क्याचं पत्र असावं, कारण वही-पट्टी घेऊन कोणी दारात आलं की पहिला प्रश्न ‘पंचनाम्याला आलाय काय?’ हाच असतो. नुकसानभरपाईचा विषय मुलांनी काढायचा नाही. मावशी-काका आपणहून बोलले तर ऐकायचं आणि परवानगी असेल तेवढंच लिहायचं. दुसरं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे तिथल्या मोजपट्टीवरचे आकडे आहेत. त्यांतून वजाबाकी करून गल्लीतल्या पाण्याची खोली काढायचा मोह मुलांना होतो. दोन्ही मोजपट्ट्यांचं शून्य वेगळं, त्यामुळे ती वजाबाकी निरर्थक ठरते.

गुऱ्हाळाचा विषय घेणारी मुलं बहुतेक ऊस पिकवणाऱ्या घरची असतात आणि त्यांना काहील (रस आटवायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), मळी (उकळत्या रसावर येणारा मळ) यांतलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्यासाठी प्रश्न असा बेततो: गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पाण्यात गोळी टाकून ‘आला’, म्हणजे गूळ तयार झाला, म्हणतो त्या क्षणी काकवीचं (आटलेल्या रसाचं) तापमान किती असतं, आणि दर काहिलीला तेच असतं का? ढेपेच्या गुळाला ते ११८° सेल्सिअसच्या आसपास असतं. इथे शाळेचा थर्मामीटर घात करतो. प्रयोगशाळेतला नेहमीचा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतच असतो. काकवीत धरला तर नळी फुटते, आणि आतला द्रव पारा असेल तर काहीलभर गूळ वाया. लांब वायरीचा, ३०० अंशांपर्यंत चालणारा डिजिटल प्रोब घ्यावा. प्रोब बांबूच्या काठीला तारेने बांधून काहिलीवर मोठ्या माणसाने धरायचा, मुलांनी लांबून आकडा वाचायचा. उकळती काकवी अंगावर उडाली तर चिकटून राहते आणि पाण्यापेक्षा वाईट भाजते.

प्रोब विकत आणला की आधी तपासायचा. बर्फाच्या चुऱ्यात ० यायला हवं. उकळत्या पाण्यात मात्र ९८ येतं आणि मुलं प्रोब परत करायला दुकानाकडे निघतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जवळच उकळतं. पुस्तकातले १०० समुद्रकाठचे. हा दोन अंशांचा उलगडा करताना मुलं हवेच्या दाबावरचा धडा स्वतःहून उघडतात.

काहिलीवर आकडे उड्या मारतात. प्रोब फेसात राहिला तर कमी, तळाला टेकला तर जास्त. म्हणून काठीवर खूण करून तो दर वेळी तळापासून सारख्याच अंतरावर धरायचा. घरी करून बघायचं असेल तर साधा, लिंबू-आलं न घातलेला एक लिटर रस, जाड बुडाचं पातेलं आणि घरचं मोठं माणूस. एका लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास गूळ पडतो. पण थर उथळ असल्याने शेवटची दोन-तीन मिनिटं फार झपाट्याने जातात आणि गुळाऐवजी करपट चिक्की हाती येते. भेंडीच्या रसाने मळी किती निघते हे बघायचं तर दोन पातेली शेजारी, एकात भेंडी, एकात नाही, आणि निघालेली मळी सुकवून वजन.

अंबाबाईच्या किरणोत्सवावर, म्हणजे मावळतीची किरणं देवळात शिरून मूर्तीवर पडतात त्या दिवसांवर, दरवर्षी कोणीतरी प्रकल्प मागतं. देवळात त्या दिवशी गर्दीत मोजमाप होत नाही, पण प्रश्न गच्चीवर नेता येतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, असे दोनच काळ का? २१-२२ डिसेंबरच्या, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या अयनदिनाच्या, दोन्ही बाजूंना हे दिवस सारख्याच अंतरावर, सुमारे एक्केचाळीस दिवसांवर आहेत. मावळता सूर्य दक्षिणेकडे सरकताना आणि परतताना क्षितिजावर त्याच जागेवरून दोनदा जातो. मुलाने मोजायचं ते हे सरकणं. सपाट फळी पक्की बसवायची, एका कडेला ओळंबा टांगायचा, आणि मावळतीच्या वेळी दोरीची सावली फळीवर जिथे पडते तिथे पेन्सिलीची रेघ.

यात तीन ठिकाणी गडबड होते. पहिली होकायंत्राची: स्लॅबमधल्या सळ्या आणि टाकीचा लोखंडी स्टँड यांमुळे सुई भलतीकडे वळते. दिशा ठरवायच्याच नाहीत, फक्त रेघांमधलं अंतर मोजायचं. दुसरी वेळेची: मावळतीच्या सुमाराला सूर्य खाली जाताजाता आडवाही सरकतो, पाच मिनिटांत एक तृतीयांश अंशाहून थोडा जास्त. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दिवसाचं सरकणंही साधारण तेवढंच. म्हणजे पाच मिनिटं उशीर झाला की अख्ख्या दिवसाची मेहनत गेली. घड्याळ बघण्यापेक्षा सूर्याचं बिंब ठरलेल्या इमारतीच्या कडेला टेकलं की रेघ मारायची हे सोपं. तिसरी तारखांची: कोणी आळस करून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर रेघा एकावर एक पडतात, काही सरकतच नाही, आणि मुलाला वाटतं प्रयोग फसला. अयनदिनाजवळ असंच होतं. दिवाळीची सुट्टी या कामाला उत्तम. सावलीच्या एका मीटर लांबीला रोज पाच-सहा मिलिमीटर सरळ दिसतात.

चपलेवरचा प्रकल्प लहान करायला सोपा: तेल लावलेलं कातडं पाणी कमी शोषतं का? पापाची तिकटी परिसरातल्या दुकानदारांच्या ओळखीने कारागिरांकडून तळव्याच्या कातड्याचे तुकडे मिळतात. ५ × ५ सेंमीचे तुकडे, निम्म्यांना तेल लावलेलं, निम्मे कोरडे. पाण्यात १०, ३० आणि ६० मिनिटं, मग टिपून वजन. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, कारण तुकडाच दहा-बारा ग्रॅमचा असतो. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या किंवा दहा तुकडे एकदम तोला. टिपण्याची पद्धत सगळ्यांना सारखी, नाहीतर फरक तेलाचा न राहता टिपणाऱ्या हाताचा येतो.

यंत्रं बनवणाऱ्या मुलांचं नशीब की शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. पण लेथवाल्या मिस्त्रींना ‘बेअरिंगमध्ये बसेल असा शाफ्ट द्या’ सांगून भागत नाही. ते विचारतात, ‘किती एमेम?’ ६२०१ नंबरच्या बेअरिंगचं आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. शाफ्ट ११.८ झाला तर आतली कडी त्यावर सैल फिरत राहते, १२.१ झाला तर ठोकून बसवताना बेअरिंग जातं. म्हणून आलेखकागदावर खऱ्या मापाचं चित्र, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, आणि बेअरिंग हातात घेऊन जायचं. मिस्त्री कामात असतात, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गेलं तर बोलतात. पोरांना त्यांनी आणलेल्या चित्रातली चूक दाखवणारी अशी माणसं शाळेत मिळत नाहीत.

आपोआप झाडांना पाणी देणाऱ्या यंत्रात ठरलेला बिघाड एकच. स्वस्तातला दोन दातांचा ओलावा-सेन्सर मातीत सतत चालू ठेवला की विजेमुळे एक दात झिजतो आणि थोड्याच दिवसांत आकडे घसरतात. वाचनापुरताच त्याला वीजपुरवठा द्यायचा किंवा कपॅसिटिव्ह प्रकारचा, ज्याचा धातू मातीला लागत नाही असा, घ्यायचा.

शाहू महाराजांचा विषय घेणाऱ्याला आम्ही चरित्र लिहू देत नाही. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. तिथून पुढे प्रश्न स्वतःच्या गावाचा: जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (दाखल मुलांच्या नोंदवहीत) दर दहा वर्षांनी एक वर्ष घेतलं तर दाखल मुलींचं प्रमाण कसं बदलत गेलं? मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, रजिस्टर शाळेतच बघायचं, फोटो नाही, नाव आणि जात उतरवायची नाही, फक्त मोजायचं. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर मोडी वाचणारं माणूस गाठेपर्यंत काम थांबतं, हे सुरुवातीलाच हिशेबात धरायला हवं. मुलाखतींच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रण सोपं वाटतं, उतरवणं जिवावर येतं: एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास लिखाण. म्हणून एका मुलाखतीला वीस मिनिटं आणि पाच प्रश्न, बस्स.

खर्चाला आमच्याकडे ४०० रुपयांची मर्यादा आहे, बिलं वहीत चिकटवायची. ती पालकांच्या खिशापेक्षा त्यांच्या हौसेवर जास्त उपयोगी पडते. गट दोघांचाच. तिसरं मूल आलं की कोणीतरी नुसतं सायकल सांभाळतं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी उत्साह ओसरतो. आकडे कंटाळवाणे वाटू लागतात, शेजारच्याचा रोबोट भारी दिसतो, आणि ‘सर, विषय बदलू?’ सुरू होतं. प्रश्न एकदा बदलायची मुभा दिवाळीपर्यंत असते, पुढे नाही. त्याऐवजी तोवरच्या आकड्यांचा आलेख वर्गातच काढायला लावायचा. सात-आठ ठिपके कागदावर पडले की बहुतेकांना पुढचा ठिपका कुठे पडेल याची उत्सुकता लागते. ज्यांना लागत नाही त्यांना आम्ही सरळ सांगतो की उरलेली मोजमापं पूर्ण कर आणि ‘फरक आढळला नाही’ असं लिही. तेही उत्तर पूर्ण गुणांचं आहे.

गुण शंभरपैकी असे: वहीला ४०, प्रश्न कापण्याला २०, मोजमापातल्या काळजीला २०, मांडणीला २०. मांडणी म्हणजे एक ड्रॉइंग शीट, जास्तीत जास्त तीन आलेख, पाच मिनिटं बोलणं आणि दहा मिनिटं प्रश्न. थर्माकोल नाही. प्रश्न विचारायला आठवीची मुलं बसवावीत. ती मोठ्यांपेक्षा बेधडक विचारतात, आणि काम काकांनी केलं असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

वहीचं शेवटचं पान आम्ही छापील देतो. मूळ बिंदू नेमका कुठे, साधनं कोणती आणि ती कपाटात कुठे ठेवली, कुठली तारीख चुकली, काय मोजायचं राहिलं, आणि हेच काम पुन्हा करायचं तर पहिल्या आठवड्यात काय करावं. वह्या शाळेच्या कपाटात राहतात. पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या मुलांना विषयांच्या यादीआधी या वह्याच वाटायच्या, कारण एखाद्या गल्लीची पूरपातळी अर्धीच झालेली असते आणि देवळाची पायरी तिथेच असते.